घुमटातलं घोरणं आणि माझा एक शब्द

नमस्कार. माझ्या साउंड बाथच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लाकडी घुमटाखाली आडवं पडून वाडग्यांचा आवाज ऐकायचा, त्याला 'साउंड बाथ' म्हणायचं, वर डॉलर मोजायचे, आणि एरवी विज्ञानाच्या गप्पा मारणारा मी तिथे 'ऊर्जा जाणवली' म्हणून लिहितो. शिवाय टोला, की देवळातल्या घंटेनं हेच फुकटात झालं असतं.

'ऊर्जा' मागे घेतो. आळसात लिहिलेला शब्द होता तो.

इंटिग्रेट्रॉनचा, म्हणजे त्या लाकडी घुमटाचा, इतिहास मी घाईत उरकला, हेही कबूल. जॉर्ज व्हॅन टॅसल विमान उद्योगात काम केलेला माणूस. १९५३ साली शुक्रावरच्या पाहुण्यानं आपल्याला तारुण्य परत आणायची युक्ती सांगितली, हा त्याचा दावा. जवळच्या जायंट रॉक नावाच्या अवाढव्य खडकापाशी तो उडत्या तबकड्यांची संमेलनं भरवायचा. घुमट म्हणजेच ते तारुण्याचं यंत्र, आणि त्याचं बांधकाम देणग्यांवर चाललं. १९७८ साली तो गेला, यंत्र अपुरंच राहिलं. तारुण्य कुणाचंच परतलं नाही.

पण घुमट राहिला ना! ३८ फूट उंच, ५५ फूट व्यास, सगळा लाकडी. धातूनं यंत्रात बिघाड होईल म्हणून खिळेसुद्धा टाळलेले. कारण वेडगळ, पण खोली अफलातून. माझ्या अगदी समोर, पलीकडच्या भिंतीशी, एक आजोबा पहिल्या पाच मिनिटांत घोरू लागले. शेजारच्या बाईंचा श्वास मला ऐकू येत नव्हता, आजोबा मात्र थेट कानात. गोल वळणारी भिंत आवाज गोळा करून पलीकडे नेऊन टाकते. विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात शाळेच्या सहलीला आपण कुजबुजून हेच करत होतो की.

आता तुमची घंटा. घंटेला ठोका असतो, आणि आवाज कुठून आला हे कान त्या सुरुवातीच्या ठोक्यावरून चटकन ताडतो. क्वार्ट्झचा वाडगा काठावरून घासत वाजवतात. ठोका नाही, स्वर हळूहळू फुगत जातो आणि चहूकडून परतून येतो. दिशाच सापडत नाही. मला तो आवाज मानेच्या मागून, मग पोटातून येतोय असं वाटलं. 'ऊर्जा' तिथून लेखात शिरली. (हेच वाडगे मुळात चिपसाठी सिलिकॉन वितळवायच्या मुशींचे भाऊबंद. मला हे त्या शुक्रवाल्या पाहुण्यापेक्षा जास्त भारी वाटतं.)

दोन वाडगे जवळजवळ एकाच स्वराचे असले, समजा २०० आणि २०३ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं), तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. तंबोरा लावताना जोडीच्या तारा जुळत आल्या की असाच डोल येतो, जुळल्या की थांबतो. मिरजेच्या कारागिराला यात काडीचंही गूढ वाटणार नाही. फरक इतकाच, की तो डोल घालवायला बसतो आणि इथे तो मुद्दाम ठेवतात.

'मग बरं होतं का?' हा तुमचा खरा प्रश्न. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच, पण मुख्यतः तिबेटी धातूच्या वाडग्यांच्या सत्रावर एक अभ्यास केला होता. ६२ माणसं, सत्रानंतर ताण आणि चिडचिड कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अंधाऱ्या खोलीत फोनविना तासभर गप्प पडून राहिलेली ६२ माणसं घेतली असती, तर तीही कदाचित हेच म्हणाली असती. त्यामुळे कुणी वाडग्यावर आजार सोपवत असेल, तर त्याला थांबवायला मी तुमच्या बाजूनं उभा आहे.

एका गोष्टीवर मात्र अडून बसतो. आवाजाचं गणित कळलं म्हणून तो तास खोटा ठरत नाही. भैरवी कशी बांधली जाते हे कळलेल्या माणसालाही भैरवी भिडतेच.

मूळ लेखातला 'ऊर्जा' शब्द आजच खोडला. 'शांत वाटलं' तसंच ठेवलंय. आणि हो, पुन्हा जाणार का विचारलंत: जाईन, पण आडवं पडण्याआधी समोर कोण झोपलंय ते बघून.