मेडिकल कोडिंगचा क्लास काढायचाय? बसा, सांगते

बीएस्सी, बीफार्म, फिजिओ, बीएचएमएस होऊन घरी बसलेली पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, तिकडे अमेरिकेत पेशंट आजारी पडायचे थांबत नाहीत, त्यांच्या इन्शुरन्स कंपन्यांना बिल मंजूर करायला प्रत्येक आजाराला, प्रत्येक खोकल्याला ठरलेला कोड लागतो आणि ते कोड टाकायचं काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबईत बसून चालतं. आता ह्या सगळ्याच्या मधोमध पाटी लावून बसायला तुम्हाला स्वतःला कोडिंग यायलाच हवं असं कुठे लिहिलंय का? मी स्वतः बरीच वर्षं कोडिंगच्याच कामात आहे. परवा मावशीबरोबर एका क्लासच्या ऑफिसात जाऊन आले (कशाला, ते येईलच पुढे), आणि तिथे एसीत बसून जे ज्ञान मिळालं ते आता फुकट वाटून टाकतेय. घ्या. काढा तुम्हीपण क्लास.

पहिली गोष्ट, जाहिरातीवर एक रुपया घालवू नका. एक कॉलेज पकडा. तालुक्याचं असेल तर उत्तम, जिल्ह्याचं असेल तरी चालेल, फक्त सायन्स हवं. प्राचार्यांना जाऊन ‘इंडस्ट्री टाय-अप’ म्हणायचं, एमओयूवर सही करायची, फोटो काढायचा, नॅकच्या फायलीत एक कागद वाढला म्हणून ते खूश आणि तुम्हाला अख्खं लास्ट इयर हॉलमध्ये बसवून मिळालं म्हणून तुम्ही खूश. सरस्वतीपूजन, शाल, नारळ, प्रास्ताविक, सगळं कॉलेजच्या खर्चाने. अटेंडन्स कंपल्सरी ठेवायला सांगा. एचओडी मॅडमना पहिल्या रांगेत बसवा, कारण घरी गेल्यावर आई विचारते की ‘खरंच असेल ना गं हे?’ तेव्हा पोरगी म्हणते, अगं कॉलेजनेच आणलेत. संपला विषय.

डेमो लेक्चरला कोंबडी आणायची. खरी नाही हो, कोडातली. डब्ल्यू६१.३३, कोंबडीने चोच मारली. मग व्ही९७.३३, माणूस जेट इंजिनात ओढला गेला, आणि तो ‘सबसिक्वेंट एन्काउंटर’ला, म्हणजे ओढला जाऊनही परत दाखवायला आला! हॉल हसतो, पोरं एकमेकांना कोपर मारतात, फॉर्म वाटायला हीच वेळ. इतक्या वर्षांत माझ्या एकाही चार्टात, म्हणजे पेशंटच्या फायलीत, कोंबडी आलेली नाही, पण ते तुम्ही कशाला सांगताय.

खरा चार्ट चुकूनही दाखवू नका. खऱ्या चार्टात एक म्हातारा असतो, त्याला डायबेटिस, बीपी आणि किडनीचा आजार असतो, डॉक्टरने घाईघाईत दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि त्यातून काय कोड करायचं आणि काय नाही हे ठरवायला डोकं लागतं. माझ्या मावसबहिणीने त्याच क्लासला फी भरलेली, तिच्या नोट्समध्ये हाच म्हातारा होता, टाइप टू डायबेटिस, हायपरटेन्शन म्हणजे बीपी, सीकेडी म्हणजे क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज थ्री बी. खाली मॉडेल आन्सर: ई११.९, आय१०, एन१८.९. तीनच्या तीन चूक! अहो गाइडलाइन सरळ सांगते की बीपी आणि क्रॉनिक किडनी डिसीज दोन्ही असले तर डॉक्टरने वेगळं कारण लिहीपर्यंत दोघांचा संबंध आहे असंच धरायचं, म्हणजे आय१२.९. डायबेटिसचंही तेच, ई११.२२. आणि स्टेज थ्रीचे ए आणि बी वेगळे होऊनसुद्धा काळ लोटला, ऑक्टोबर २०२०, तेव्हा एन१८.३२. हे कुठल्या गुप्त पोथीत नाहीये, आयसीडी म्हणजे आजारांच्या कोडांची यादी, तिच्या ऑफिशियल गाइडलाइन्स अमेरिकन सरकार दरवर्षी पीडीएफ करून फुकट टाकतं. फुकट. तीच पीडीएफ वर स्वतःचा लोगो छापून ‘एक्सक्लूझिव्ह स्टडी मटेरियल’ म्हणून द्यायची असते, तर ह्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

नोट्स एकदाच बनवा आणि पुढे आयुष्यभर झेरॉक्स काढा. आयसीडी दर ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी (डॉक्टरने काय केलं त्याचे कोड, तपासणी, ऑपरेशन वगैरे) दर जानेवारीला, बदलू दे. ९९२०१ हा सीपीटी कोड १ जानेवारी २०२१ ला काढून टाकला, ह्या क्लासच्या स्पायरल बाइंडिंगमध्ये तो अजून जिवंत आहे आणि त्याच्यापुढे हायलाइटरने ‘व्हेरी इम्पॉर्टंट’ लिहिलंय.

बाहेरच्या फ्लेक्सवर ‘आयसीडी-११ शिकवणारी एकमेव संस्था’ टाका. अमेरिकेत अजून दहाच चालतं, पण अकरा मोठा आकडा आहे.

एआयपण टाका फ्लेक्सवर. कुठेही टाका.

ट्रेनर कोण? मागच्या बॅचमधल्या ज्या पोरीला नोकरी लागली नाही, तिलाच ठेवा. तिला काम मिळालं, तुम्हाला स्वस्तात ट्रेनर मिळाली आणि प्लेसमेंटच्या यादीत एक नाव वाढलं. ती बिचारी प्रश्न विचारला की ‘हा पॉइंट ॲडव्हान्स मॉड्यूलमध्ये घेऊ’ म्हणते. ॲडव्हान्स मॉड्यूलचे पैसे वेगळे.

सर्टिफिकेटकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण घरात फ्रेम करून तेच लागतं. इंडस्ट्रीत विचारतात ते सीपीसी, म्हणजे ‘सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर’, ते देते एएपीसी ही अमेरिकन संस्था, शंभर प्रश्न, चार तास, पास व्हायला सत्तर टक्के, पुस्तकं उघडी ठेवून परीक्षा, आणि उघडी असूनही वेळ पुरत नाही कारण कोड कुठल्या पानावर आहे ते बोटांना माहीत असावं लागतं. फी डॉलरमध्ये, वर मेंबरशिप, वर त्या वर्षाची पुस्तकं. पास झालात तरी अनुभव नसेल तर नावापुढे ‘ए’ लागतो, अप्रेंटिसचा. एवढा कुटाणा कोण करतं? तुम्ही आपलं सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट छापा, त्यावर ‘सर्टिफाइड प्रोफेशनल इन कोडिंग’ असं लिहा. आद्याक्षरं काय होतात ती मुलं आपसूक काढतात. खाली दोन सह्या आणि एक होलोग्राम. बहीण ते घेऊन इंटरव्ह्यूला गेली तेव्हा एचआरने ते उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

प्लेसमेंटची भिंत रिसेप्शनसमोरच पाहिजे. हसरे चेहरे, खाली पॅकेज. मी वाट बघत बसले होते तेव्हा त्या भिंतीवर मला आमच्याच टीममधला एक मुलगा दिसला. लगेच मेसेज केला, अरे तू इथे होतास का. म्हणाला नाही ताई, एकदा डेमोला गेलो होतो, फॉर्मला फोटो लावला होता. तर मुद्दा काय, फॉर्मला फोटो मागायचा विसरू नका.

आणि ‘हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट’ असं कधीच छापू नका हं, कोर्टकचेरी होते. ‘हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स’ छापायचं. असिस्टन्स म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर तुम्ही नोकरीच्या वेबसाइटवरच्या लिंका टाकता. मुलाखत मिळालीच तर ती एआर कॉलिंगची निघते, रात्रपाळी, अमेरिकन इन्शुरन्सवाल्यांना फोन करून क्लेम का नाकारला ते इंग्लिशमधून भांडत विचारायचं. तेही काम चांगलंच आहे, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी त्यात नाव काढलंय, पण त्याला इंग्लिश बोलता यावं लागतं आणि घरच्यांना रात्रपाळी आधी सांगावी लागते. पोरीला तुम्ही ‘डे शिफ्ट, वर्क फ्रॉम होम, डॉलरमध्ये क्लायंट’ म्हणून आणलेलं असतं. डॉलर क्लायंटचे, आपल्याला सुरुवातीला १५-२० हजार हातात पडले तरी नशीब.

आता फी. हा भाग नीट ऐका, खरा धंदा इथेच आहे. फी एकरकमी मागायची नाही. शेतकरी, शिक्षक, एसटीतले कंडक्टर, ह्यांच्याकडे एकदम साठ-सत्तर हजार कुठून येणार. म्हणायचं, काकू, टेन्शन नाही, ईएमआय आहे, नो कॉस्ट, महिन्याला चहापाण्याचा खर्च. मग काकूंचा आधार घ्यायचा, पॅन घ्यायचं, मोबाइल हातात घ्यायचा, ‘एक ओटीपी येईल तो सांगा’, परत एक ओटीपी, परत एक, सेल्फी, ‘डोळे मिटू नका काकू’, झालं. काकूंना वाटतं आपण क्लासला हप्त्याने फी देणार. प्रत्यक्षात काकूंच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालंय आणि तुमच्या खात्यात सगळी फी पहिल्याच आठवड्यात जमा झालीय! क्लास चालो न चालो, ट्रेनर येवो न येवो, हप्ता काकूंच्या अकाउंटमधून पाच तारखेला कापला जाणार. ह्या काकू म्हणजे माझी मावशी. अंगणवाडीत आहे. तिच्या मानधनात हप्ता बसवलाय ह्या लोकांनी. बॅच दोन महिने चालली, मग ट्रेनर सोडून गेली, मग ‘ऑनलाइन रेकॉर्डिंग बघा’, मग रेकॉर्डिंगची लिंक एक्सपायर. मावशीने दोन हप्ते चुकवले तर रिकव्हरीवाला पोरगा फोन करून ‘तुमच्या मुलीच्या कॉलेजात येऊन सांगू का’ म्हणाला. मावशी रात्रभर झोपली नाही, तिला वाटलं पोलीस येणार, आणि तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण पोरीच्या शिक्षणासाठी काढलेल्या पैशाचं असं झालं हे सांगायची तिला लाज वाटत होती. तिला लाज! आणि तिथे काउंटरमागचा तो टाय लावलेला मुलगा मला म्हणतो, मॅडम लोन तुमचं आणि फायनान्स कंपनीचं आहे, त्यात आमचा काही रोल नाही. मी म्हटलं पैसे कुणाच्या खात्यात आलेत? तर म्हणे ते अकाउंट्सला विचारावं लागेल. अकाउंट्स कुठेय? हेड ऑफिसला. हेड ऑफिसचा नंबर? हाच आहे मॅडम. म्हणजे समोरचा टेबलावरचा फोन! त्याने फॉर्म काढून दाखवला, मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’, खाली मावशीची सही. इंग्लिशमध्ये लिहिलेल्या कागदावर मराठीत सही. तो कागद तिला वाचून कोणी दाखवला होता? ‘सर्वांनाच देतो मॅडम, वाचणं त्यांचं काम.’

जाऊ दे. सल्ला राहिला बाजूला.

आमच्या कंपन्यापण काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. फ्रेशरची जागा म्हणतात आणि खाली ‘किमान एक वर्ष अनुभव’ लिहितात. पूर्वी घेऊन ट्रेनिंग द्यायचो आम्ही, अजूनही काही ठिकाणी देतात, पण ते परवडत नाही म्हणून बाहेर ढकललं, आणि बाहेर हे बसलेत.

पण माझा खरा राग ना कंपन्यांवर आहे ना त्या टायवाल्या मुलावर. तो मुलगा उद्या दुसऱ्या क्लासात दिसेल. प्राचार्य साहेब, एचओडी मॅडम, मला तुमच्याशी बोलायचंय. ही मुलं तीन वर्षं तुमच्या वर्गात बसली. फिजिऑलॉजी तुम्ही शिकवलीत, किडनी काय करते, इन्सुलिन कुठे बनतं, हे तुमच्या फळ्यावरून त्यांनी वहीत उतरवलं. कोडिंगला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, शरीर कळणं आणि बारीक अक्षरातले नियम न कंटाळता वाचणं. उरलेलं शिकवायला काय लागतं? फुकटची गाइडलाइन, लायब्ररीत त्या वर्षाच्या पुस्तकांचे दोन-चार संच, आणि ह्या कामात असलेला एखादा माजी विद्यार्थी शनिवारी बोलावणं. आम्ही येतो हो. यायचं-जायचं भाडंसुद्धा मागणार नाही, कोणी विचारलंय का कधी? पण तुम्ही हॉल उघडून दिलात, माइक दिलात, हजेरी लावलीत, ‘सुवर्णसंधी’ म्हणून भाषण ठोकलंत आणि शाल पांघरली. मावशी परत कॉलेजात विचारायला आली तेव्हा मात्र ‘तो तुमचा आणि क्लासचा खाजगी व्यवहार आहे, कॉलेजचा संबंध नाही’. संबंध नाही? मग स्टेजवर फोटोत तुम्ही काय करत होतात? तो फोटो अजून तुमच्या नोटीस बोर्डावर आहे. तुमच्या भरवशावर तिने ओटीपी सांगितला, त्या टायवाल्याच्या नाही. थोडी तरी शरम असेल तर क्लासवाल्याला कॉलेजात बोलवा, ज्या मुलांचे हप्ते चालू आहेत त्यांची यादी करा, आणि पैसे परत दिल्याशिवाय त्याला गेटच्या बाहेर सोडू नका. ते जमत नसेल तर पुढच्या ‘करिअर गायडन्स’च्या नोटिशीत खाली एवढं तरी छापा की क्लासवाला कॉलेजला एका मुलामागे किती देतो. आणि काहीच देत नसेल, तर मग तुम्ही ही पोरं फुकटातच विकलीत.