पत्र फोडलं कोणी, एवढंच विचारायचं?

लष्कराने सत्तेला पत्र लिहिलं की मुंबईतल्या माझ्या मित्रांमध्ये दोन तट पडतात. गंमत म्हणजे दोन्ही तट भांडतात ते पत्र कोणी लिहिलं आणि बाहेर कसं आलं यावरच. परवा आमच्या पार्ल्याच्या ग्रुपवर कोणीतरी एप्रिल २०१९ चं पत्र उकरून काढलं. निवडणुकीच्या प्रचारात सैन्याच्या कारवायांचं श्रेय लाटलं जातंय, ते थांबवा, अशी दीडशेहून जास्त निवृत्त अधिकाऱ्यांच्या नावाने राष्ट्रपती कोविंद यांना केलेली ती विनंती. त्यातल्या जनरल रॉड्रिग्ज आणि एअर चीफ मार्शल सुरी यांनी कानावर हात ठेवले, पत्र मिळालेलंच नाही असं राष्ट्रपती भवनाच्या सूत्रांनी सांगितलं. झालं! सह्या खऱ्या की खोट्या यावर तेव्हाही रण माजलं आणि परवाही. जवानांच्या नावावर मतं मागावीत का, हे राहिलं बाजूलाच.

२०१२ मध्येही तेच. लष्करप्रमुख व्ही. के. सिंह यांनी पंतप्रधानांना कळवलं की रणगाड्यांना पुरेसा दारूगोळा नाही. ‘डीएनए’ने, म्हणजे आपल्याच मुंबईच्या पेपरने, ते छापलं आणि सगळ्यात मोठा आवाज उठला तो ‘फोडलं कोणी?’ याचाच.

मी राहतो अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गला हरलेला बंडखोर दक्षिणेचा जनरल ली याच राज्यातून पोटोमॅक नदी ओलांडून निसटला. राष्ट्राध्यक्ष लिंकन भयंकर चिडले. आपले सेनापती जनरल मीड यांना त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं: शत्रू तुमच्या हातात होता, आता युद्ध लांबत जाणार. मग पत्र पाकिटात घातलं आणि वर लिहून ठेवलं, मीड यांच्यासाठी, पाठवलं नाही, सही केली नाही. राष्ट्राध्यक्षाचा गिळलेला राग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे, कोणीही घरबसल्या वाचावा. शिवाय १९७८ च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाचे सरकारी कागद जनतेच्या मालकीचे. त्याची मुदत संपून पाच वर्षं झाली की ते मागता येतात, थोडे अपवाद सोडून.

म्हणून अमेरिकेचं सगळं गोड आहे असं नाही. २०१६ मध्ये इथले निवृत्त जनरल दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांत व्यासपीठावरून गरजत होते. ते पाहताना आपल्या वर्दीवाल्यांचं मौन मला फार मोलाचं वाटलं. ग्रुपवरचा एक मित्र, आयुष्य बँकेत काढलेला, म्हणाला, “अरे, तुमचा राष्ट्राध्यक्ष खरोखरचा सेनापती. आमच्या राष्ट्रपतींकडे सर्वोच्च सेनापतिपद आहे कलम ५३ मध्ये, पण चालायचं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. त्यांना पत्र लिहून काय उपयोग?” मुद्दा बिनतोड आहे. सेवेतल्या अधिकाऱ्याने सरकारला वळसा घालून राष्ट्रपतींकडे धाव घेऊ नये, हेही मला मान्य.

पण आज गुप्त ठेवायचं ते किती वर्षं? गुजरात दंगलीच्या काळातला राष्ट्रपती नारायणन आणि पंतप्रधान वाजपेयी यांचा पत्रव्यवहार आधी आम्हाला दाखवा, खुला करायचा की नाही ते मग ठरवू, असं माहिती आयोगाने म्हटलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो आदेश रद्द केला. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. आणि काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याच्या पुराभिलेखागारात, कंपनी सरकारच्या ‘सिक्रेट अँड पोलिटिकल’ खात्याची बाडं अभ्यासकाला मागून वाचता येतात. म्हणजे पेशव्यांविरुद्ध गोऱ्यांनी काय खलबतं केली ते आपण वाचायचं, आपल्या सेनापतींनी आपल्या सरकारला काय सांगितलं ते मात्र नाही!

३० डिसेंबर १९९८ ला नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना बडतर्फ केलं. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच अधिकारी पदावर राहतो, ती मर्जी काढून घेतली, या घटनात्मक आधारावर. त्याआधी मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडची धुरा त्यांनी सांभाळली होती, त्यामुळे शहरात तेव्हा यावर किती वाद झाले ते आठवत असेल. युद्धं आणि लष्करी कारवायांच्या नोंदींसाठीचं संरक्षण मंत्रालयाचं २०२१ चं धोरण म्हणतं, कागद साधारणपणे २५ वर्षांत खुले करावेत. तोच निकष लावला तर भागवत प्रकरणाची मुदत डिसेंबर २०२३ मध्येच भरली. माहिती अधिकारात केंद्राकडे अर्ज करायला दहा रुपये लागतात. पार्ल्याच्या ग्रुपवर निम्मी मंडळी निवृत्त आहेत, त्यांच्यापैकी एकाने तरी तो भरावा. मसुदा मी पाठवतो.