किलर व्हेल बारा महिने एकच मासा खातो? तो मेसेज चुकीचा आहे

मामांनी काल फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मासेखाऊ किलर व्हेल म्हणे बारा महिने फक्त चिनूक सॅमन खातात, थंडीत उपाशीच असतात, बाकी समुद्र भरलेला असला तरी हट्टाने दुसऱ्या माशाला तोंड लावत नाहीत, आणि चिनूक संपलाच तर सील खातील, म्हणून चिनूक वाचवण्यावर खर्च कशाला. मामा, रागावू नका, पण हे असंच पुढे जाऊ देववत नाही.

बारा महिने एकच मासा हे आधी बघू. तिथल्या जे, के आणि एल या ३ कळपांमागून बोटी नेऊन शास्त्रज्ञ शिकारीनंतर पाण्यावर तरंगणारे खवले आणि व्हेलची विष्ठा जाळीने गोळा करतात, विष्ठा वासावरून शोधायला शिकवलेला कुत्रासुद्धा बोटीवर असतो, आणि मग डीएनएवरून कुठला मासा आणि चिनूक असेल (तो नदीत जन्मून समुद्रात जातो) तर कुठल्या नदीचा हेही कळतं. उन्हाळ्यात कॅनडातल्या फ्रेझर नदीकडे परतणारा चिनूकच जास्त, २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात तो सुमारे ८० टक्के निघाला, पण उन्हाळा सरत आला की कोहो नावाचा दुसरा सॅमन बराच वाढतो, पुढे सिएटलजवळच्या प्युजेट साउंड खाडीत चम हा आणखी एक सॅमन येतो, आणि थंडीत बाहेरच्या, खुल्या समुद्राकडच्या किनाऱ्यावर चिनूकसोबत स्टीलहेड, लिंगकॉड, हॅलिबट आणि आपल्या वाघळीसारखा चपटा स्केटसुद्धा. म्हणजे थंडीतला उपासही खोटाच.

मग काही जण लगेच म्हणतील, बघा, दुसरं खातात ना, मग चिनूक नसला तरी चालेल. नाही चालणार! आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा मेमध्ये पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेले सुके बांगडे, सुकी सुंगटं आणि खाडीतलं नुस्तं यावर घर चालतं, पण म्हणून ऑगस्टमध्ये बोटी गेल्याच नाहीत तर चालेल असं पणजीच्या मार्केटात कुणी म्हणेल का? त्यांचंही तसंच आहे, मेनू बदलतो पण थंडीतसुद्धा मोठा वाटा चिनूकचाच राहतो.

हट्टाचं म्हणाल तर पिंक आणि सॉकाय सॅमन उन्हाळ्यात ढिगाने असूनही हे व्हेल ते क्वचितच खातात, एवढं खरं. पण ते मासे थोडेच आठवडे किनाऱ्याजवळ येतात आणि आकाराने लहान, चिनूक मोठा, चरबीचा आणि कुठला ना कुठला वर्षभर किनाऱ्याजवळ सापडणारा. एका मोठ्या माशात पोट भरतं तिथे लहानांमागे किती पळायचं?

आणि सील. सील खाणारे किलर व्हेल त्याच पाण्यात आहेत, पण ते वेगळे, त्यांचे कळप वेगळे, आवाज वेगळे, शिकारीची पद्धत वेगळी. काय खायचं हे पिल्लू आईबरोबर फिरून शिकतं. मासेखाऊ कळप पॉरपॉइजना, म्हणजे डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्यांना, त्रास देताना, मारतानाही दिसलेत, पण खात नाहीत. २००५ पासून अमेरिकेत हे ३ कळप नष्ट होण्याच्या मार्गावरचे म्हणून नोंदलेले आहेत, आता जेमतेम ७५ च्या आसपास उरलेत, आणि बाहेरच्या किनाऱ्यावर ते खातात त्यातला बराचसा चिनूक कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला, जिथे धरणांनी त्याची अंडी घालायची वाट अडवली आहे. खर्च त्या वाटेसाठी मागतायत, मामा.