रिकामा शंख

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. काचेच्या बाऊलमध्ये शिगोशीग शंख, खाली ‘अंदमानची आठवण’. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथे गप्प बसले, म्हणून इथे लिहितेय.

२०१४ मध्ये आम्ही हॅवलॉकला गेलो होतो. तेव्हा त्याचं स्वराज द्वीप झालं नव्हतं. राधानगरच्या किनाऱ्यावर मीही शंख वेचले, रुमालात बांधून खोलीवर आणले. रात्री खरडखरड सुरू झाली. बाबा म्हणाले, उंदीर. बॅटरी मारली तर एक शंख पलंगाखालून चालत निघालेला!

तो कोएनोबिटा. जमिनीवर राहणारा हर्मिट क्रॅब. मागचं अर्धं अंग मऊ, त्यावर कवचच नाही. शंख स्वतःला बनवता येत नाही, मेलेल्या गोगलगायीचा घालायचा आणि अंग वाढलं की मोठा शोधायचा. दिवसभर पाचोळ्याखाली, केवड्याच्या मुळांत दडायचं आणि रात्री पडलेली फळं, मेलेले मासे साफ करायचे. मादी अंडी सोडायला पाण्याशी जाते. कल्ले ओले लागतात, पण पाण्यात बुडवून ठेवलात तर मरतो. मोठा शंख सापडला की लहानमोठे खेकडे उंचीप्रमाणे रांग धरतात, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे. पहिला मोठ्यात शिरला की मागचे भराभर एकेक घर पुढे सरकतात.

आणि आपण म्हणतो, रिकामाच तर होता!

मान्य, एका बाऊलने समुद्र ओस पडत नाही. पण बोटी भरभरून माणसं उतरतात हो तिथे, आणि प्रत्येकाला तो मोठा, न फुटलेलाच शंख हवा असतो. वर या खेकड्यांचे शंख रंगवून त्यांना पाळायला म्हणून विकतात, म्हणे ‘मेंटेनन्स नाही’. पिंजऱ्यात त्यांची वीण जवळजवळ होतच नाही. म्हणजे विकायला ठेवलेला बहुतेक प्रत्येक जण कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला. संताप येतो नुसता.

हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर हे खेकडे प्लास्टिकच्या बाटल्यांत शिरतात, बाहेर पडता येत नाही, मरतात. मेलेल्याचा वास आला की आणखी येतात. का, तर घर रिकामं झालं असेल म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला पलंगाखालचा तोच आठवला. बाबा गुडघेदुखी विसरून लुंगीवरच माझ्याबरोबर अंधारात किनाऱ्यापर्यंत आले होते. वाळूवर ठेवल्यावर तो बराच वेळ हललाच नाही. मग एक पाय बाहेर, मग डोळे, आणि चालला झाडांकडे. बाबा हळूच म्हणाले, “जा बाबा, जा.”

रुमालातले बाकीचे सात मात्र मी परत टाकले नाहीत. बाबांच्या मोज्यांत दडवून आणले. आईच्या शोकेसमध्ये आहेत अजून.