खुलासा: यामाहा सीएस-८० डिजिटल नाही

यामाहा सीएस-८० हा डिजिटल सिंथेसायझर (विजेच्या साहाय्याने आवाज तयार करणारं कीबोर्ड वाद्य) असून तो एका वेळी सोळा सूर वाजवतो, असा संदेश काही दिवसांपासून वाद्यप्रेमींच्या ग्रुपवर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

१९७७ च्या सुमारास जपानमध्ये बनलेल्या या वाद्यात आवाज पूर्णपणे अ‍ॅनलॉग, म्हणजे आकड्यांऐवजी सलग बदलणाऱ्या विजेच्या दाबावर चालणाऱ्या, सर्किटमधून निघतो. सूर एका वेळी आठच. प्रत्येक सुरामागे ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारा भाग) आणि फिल्टर (त्याचा पोत बदलणारा भाग) यांच्या दोन स्वतंत्र जोड्या आहेत. त्या सुट्या मोजल्यामुळे सोळाचा आकडा आला असावा. नऊ पट्ट्या एकत्र दाबल्या तरी आठच वाजतात.

मेमरीचं, म्हणजे आवाज साठवण्याच्या सोयीचं, म्हणाल तर पॅनेलवरचं एक झाकण उघडून बघा. आत बोटाच्या टोकाने सरकवायच्या इवल्याशा स्लायडरचे चार संच दिसतात. आपण तयार केलेला आवाज त्यांच्यावर हातानेच लावून ठेवायचा. चिपमध्ये काही साठत नाही.

खरं वैशिष्ट्य त्या संदेशात आलंच नाही! प्रत्येक पट्टी आपला दाब वेगळा ओळखते, त्यामुळे वाजत्या स्वरांतला हवा तो एकच स्वर फुलवता येतो. पट्ट्यांच्या वर असलेल्या रिबनवर (स्पर्श ओळखणाऱ्या लांब फितीवर) बोट सरकवून मींडही घेता येते. ग्रीक संगीतकार व्हँगेलिस यांनी हे वाद्य इतकं जवळ केलं, ते यासाठीच, असं मला वाटतं.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.