नारळ दिला की क्लब वाचतो म्हणे

इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगच्या तळाशी ओढाताण सुरू झाली की एक दावा हमखास फिरायला लागतो: '२०२२-२३ मध्ये एव्हर्टनने वेळेत मॅनेजर बदलला म्हणून तो वाचला, लेस्टर आपल्या मॅनेजर रॉजर्सना कवटाळून बसला म्हणून बुडाला. तेव्हा आपल्याही क्लबाने आजच नारळ द्यावा.' जोडीला एक पुरवणीही असते, की रेलिगेशन (तळाचे तीन क्लब खालच्या लीगमध्ये जाणं) टाळण्याचा अनुभव असलेलं जुनं खोड आणलं की काम फत्ते.

आधी खाली गेलेले तीन क्लब बघू. लेस्टर, लीड्स, साउदॅम्प्टन. नारळ तिघांनीही दिला होता. लीड्स आणि साउदॅम्प्टनने तर दोनदा. साउदॅम्प्टनचे हाझेनहुटल गेले, नेथन जोन्स आले आणि तीन महिन्यांत तेही गेले. मग सेलेस यांनी पहिल्याच सामन्यात चेल्सीला चेल्सीच्या मैदानावर हरवलं. तरी हंगामाअखेर गुण फक्त २५ आणि नंबर शेवटचा. नव्याचे नऊ दिवससुद्धा धड भरले नाहीत.

आता एव्हर्टन. लॅम्पार्डना काढलं तेव्हा २० सामन्यांत १५ गुण होते, डाइश यांनी पुढच्या १८ सामन्यांत २१ मिळवले. फरक पडला, नाकारण्यात अर्थ नाही. पण लेस्टरचाही हिशोब मांडा की! रॉजर्सच्या २८ सामन्यांत २५ गुण, डीन स्मिथ यांच्या शेवटच्या ८ सामन्यांत ९. म्हणजे सामन्यामागे गुणांचा वेग स्मिथ आणि डाइश यांचा जवळपास सारखाच. मधले दोन सामने, तेही घरच्या मैदानावर, लेस्टरने हंगामी माणसांच्या हाती दिले आणि दोन्ही हरले. उशीर झाला म्हणायचं तर इथे झाला: जुन्याला घालवलं तेव्हा नवा ठरलेलाच नव्हता.

आणि मग १ मे. लेस्टर विरुद्ध एव्हर्टन, लेस्टर २-१ ने पुढे, मध्यंतराच्या तोंडावर लेस्टरला पेनल्टी. मॅडिसनने चेंडू सरळ मधोमध मारला, एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्ड जागचा हलला नाही. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर लेस्टरचा कोण कुठे मारतो याची यादीच चिकटवलेली होती. सामना २-२ सुटला. शेवटी एव्हर्टन ३६, लेस्टर ३४. तो सामना लेस्टरने जिंकला असता तर आकडे एव्हर्टन ३५, लेस्टर ३६ असे झाले असते, आणि आज हाच दावा उलटा फिरला असता. (२८ मेच्या त्या शेवटच्या रात्री अहमदाबादच्या पावसाने आयपीएलची फायनल अडवली होती, त्यामुळे एव्हर्टनला वाचवणाऱ्या डुकुरेच्या गोलाला आपल्याकडे एरवीपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले असतील.)

रॉजर्सवर सगळं खापर फोडणाऱ्यांनी त्याआधीचा उन्हाळा आठवावा. गोलकीपर श्मायकल गेला, फोफाना चेल्सीला विकला, आणि मैदानात खेळवण्याजोगा नवा खेळाडू आला तो एकच, वाउट फास. २०१६ चा विजेता आणि २०२१ चा एफए कप जिंकणारा क्लब उतरेल कसा, या भ्रमात सगळेच होते.

जुन्या खोडाचं थोडक्यात सांगतो. लीड्सने चार सामने उरले असताना अॅलरडाइस यांना आणलं. मिळाला एक गुण.

यावर 'मग हॉजसन?' हा प्रश्न येतोच. मॅनेजर विएरांना काढून क्रिस्टल पॅलेस क्लबाने हॉजसन यांना परत बोलावलं आणि पहिले तिन्ही सामने जिंकले. कोणाविरुद्ध? लेस्टर, लीड्स, साउदॅम्प्टन! २०२३ उजाडल्यापासून विएरांना एकही विजय मिळाला नव्हता हे खरं, पण त्यांच्या वाट्याला वरच्या संघांची रांग आली होती. हॉजसन यांचं कौतुक जरूर करा, फक्त शेजारी सामन्यांचं वेळापत्रकही ठेवा.

राहता राहिला नॉटिंगहॅम फॉरेस्ट, ज्याचं नाव हा दावा करणारे घेतच नाहीत. ऑक्टोबरमध्ये हा संघ लेस्टरकडून ४-० असा हरला आणि तळाला गेला. सगळ्यांना वाटलं, मॅनेजर कूपर गेले. क्लबाने त्याच आठवड्यात त्यांना नवा करार दिला. वीसहून अधिक नवे खेळाडू घेतले होते, त्यांची नावं पाठ करण्यातच बिचाऱ्यांचा निम्मा हंगाम गेला असेल. मे महिन्यात आर्सेनलला १-० हरवून फॉरेस्ट टिकला, ३८ गुणांसह सोळावा. ४-० ने जिंकलेलं लेस्टर खाली गेलं.