औदार्याचा महिना

नव्या कुर्त्याच्या खांद्यापाशी एक चिकट गोल डाग आहे. तेल लावून झालं, गरम पाणी झालं, नखाने खरवडून झालं. सोमवारी दुपारी तिथे एक स्टिकर होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'प्रयत्न छान!' माझं वय ४२.

मुलाला आणायला शाळेत गेले होते, एवढाच माझा गुन्हा. शाळेत दर महिन्याला एक सद्गुण असतो. हा महिना औदार्याचा. म्हणून फाटकाशी टेबल, टेबलावर खोक्याची दानपेटी आणि टेबलामागे दहाएक वर्षांची, दोन वेण्यांची एक मुलगी. छातीवर बिल्ला: औदार्यदूत.

"काकू, किती लिहू?"

पर्समध्ये एक मोठी नोट होती आणि तळाशी थोडी नाणी. मी नोट पुढे करून विचारलं, "सुट्टे आहेत का गं?"

तिने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दानात सुट्टे परत देत नाहीत, काकू."

मागे सात-आठ पालकांची रांग. मी नोट पुन्हा आत ठेवली (हो, ठेवली!) आणि तळातली नाणी मुठीने काढून पेटीत सोडली. त्यांच्याबरोबर केसांची एक पिनही गेली.

"वस्तू शनिवारी घेतो," ती म्हणाली.

मग तिने तक्ता ओढला. नाव, इयत्ता, तुकडी, रक्कम. शेवटचा रकाना होता 'देणाऱ्याचा चेहरा', त्यात तीन पर्याय: प्रसन्न, ठीक, नाराज. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, पासपोर्टवरचा फोटो ताडून पाहतात तसं, आणि 'नाराज'वर खूण केली.

"अगं, मी नाराज नाहीये!"

"मग हसा."

मी हसले. रांगेतल्या एका गृहस्थांनीही धीर द्यायला म्हणून हसून दाखवलं. तिने मान थोडी तिरकी करून पाहिलं, पेन उचललं, विचार केला आणि खूण तशीच राहू दिली.

घरी आल्यावर चिडचिड करून झाली, आणि मग एक जुनी गोष्ट आठवून आणखीच चिडचिड झाली. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज नावाच्या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात वरची, माणसाला आपल्या पायावर उभं करण्याची. तिच्या खालची, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, अशी. आणि अगदी तळाची कोणती? कुरकुरत दिलेलं दान. द्यायला हवं त्याहून कमी दिलं, पण हसतमुखाने दिलं, तरी माणूस एक पायरी वर चढतो. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या पंडिताचं आणि दोन वेण्यांचं माझ्याबद्दल एकमत आहे. अपील करायचं कुणाकडे?

फाटकाशी मी आणखी एक चूक केली होती. विचारलं होतं, "पैसे कोणाला जाणार गं?"

"गरजूंना."

"कोण गरजू?"

"ते बाईंना माहीत."

"पण तुला खरंच माहीत नाही?"

"खरेपणा मागच्या महिन्यात झाला, काकू."

त्या मुलीवर माझा राग नाही. (थोडा आहे.) पण जी तुकडी जास्त पैसे आणेल तिला फिरता चषक, प्रत्येक दूताला जमवलेल्या रकमेनुसार गुण, आणि फळ्यावर चढत्या क्रमाने सगळी नावं, हे त्या मुलीला सुचलेलं नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्राएलमधली शाळकरी मुलं दारोदार देणग्या गोळा करायची. काहींना फक्त कामाचं महत्त्व सांगितलं. काहींना जमलेल्या रकमेच्या १ टक्का मोबदला कबूल केला, काहींना १० टक्के. सगळ्यात जास्त पैसे फुकट फिरणाऱ्यांनी आणले आणि सगळ्यात कमी १ टक्कावाल्यांनी. १० टक्केवालेही फुकटवाल्यांच्या मागेच राहिले. पालकसभेत मी हे सांगितलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "मग चषकाचा आकार वाढवायचा का?"

मुलाला विचारलं, तुझ्या वर्गात कसं चाललंय? तो म्हणाला, "छान. फक्त शेवटच्या बाकावरचा तो येत नाहीये."

"आजारी आहे?"

"नाही. पैसे आणायचे असतात तेव्हा तो येतच नाही. महिना संपला की येतो."

तो मुलगा कोण, ते मला माहीत आहे. त्याच्या आईलाही ओळखते. त्याच पोराचं नाव फळ्यावर पहिलं आहे, कारण क्रम चढता आहे आणि त्याच्यापुढे शून्य आहे. खाली दुसरं नाव आमच्या चिरंजीवांचं. आमच्यापुढे आकडा आहे आणि कंसात 'पिन'.

मी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहिली. फळा पुसा, किमान नावं तरी पुसा. उत्तर लगेच आलं, सुवाच्य अक्षरात: आपल्या सूचनेचं स्वागत आहे, संवेदनशीलतेचा महिना फेब्रुवारीत आहे.

ती मोठी नोट अजून पर्समध्येच आहे. द्यायची आहे, पण त्या पेटीत नाही. त्या शेवटच्या बाकापर्यंत ती पोचवायची कशी, की तक्ता नको, बिल्ला नको आणि त्याच्या आईला माझं तोंड दिसायला नको? दुसरी पायरी ऐकायला सोपी वाटली होती.

तोवर मुलाला आणायचं तर आहेच. शाळेला मागच्या बाजूने एक फाटक आहे म्हणतात.